पाडवा ते पाडवा

मुलांनो, कल्पना करा की पहाटेचे पाच वाजले आहेत आणि तुम्ही कण्हेरीच्या झुडपामागे उकिडवे बसला आहात. मार्च महिना आहे, पण देवपुरात पांझरा नदीवरून येणारा वारा या वेळी अजून गार असतो. तुमच्या शेजारी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिच्या मांडीवर वही, हातात पेन्सिल आणि फ्रॉकच्या खिशात वडिलांचं घड्याळ. शिंक आली तर नाक दाबून धरा. कारण समोर, पाण्याच्या टाकीखाली, एक म्हातारा माणूस पंपाच्या खोलीचं कुलूप उघडतो आहे, आणि त्याला कोणी पाहतंय हे त्याला कळता कामा नये.

मुलीचं नाव ज्योत्स्ना. म्हाताऱ्याचं नाव पुना. आणि ही पाळत ठेवायचं काम ज्योत्स्नाला तिच्या वडिलांनी दिलं होतं.

‘पाच वाजून चार मिनिटं,’ तिने लिहिलं. ‘खोली उघडली. तांब्या घेऊन आला. तांब्यातलं पाणी पंपात ओतलं. (का?)’

पंप घरघरला. पुनाने टाकीकडे मान वर करून थोडा वेळ ऐकलं. मग खांद्यावर लोखंडी चावी टाकली. ही चावी म्हणजे चांगला हातभर लांब दांडा, वर आडवी मूठ. ती जमिनीतल्या खड्ड्यात घालून वॉल फिरवायचा, की त्या ओळीतल्या घरांना पाणी सुटायचं.

‘पहिली ओळ, साडेतीन फेरे. दुसरी ओळ, तीन फेरे. तिसरी ओळ, दीडच फेरा. (तिसऱ्या ओळीवर राग?)’

चौथ्या ओळीपाशी मात्र त्याने वॉल लगेच फिरवला नाही. भिंतीलगत वर आलेल्या पाइपवर त्याने चावीने ठोके दिले. टण्, टण्, टण्. आजूबाजूला पाहिलं. मग वॉल फिरवला.

ज्योत्स्ना पानावर वाकली. तिने वहीत लिहिलं, ‘तीन ठोके. खूण? कोणाला?’ आणि ‘कोणाला’च्या खाली दोन रेघा ओढल्या.

आता ही पाळत कशासाठी, ते सांगायला हवं.

सुखनिवास सोसायटीत छत्तीस घरं होती, चार ओळींमध्ये नऊ-नऊ. मास्तर, कोर्टातले कारकून, एसटीतून निवृत्त झालेले, असे लोक. घराच्या भिंतींच्या आत जे होतं ते ज्याचं त्याचं. पण बाहेरचा बोअर कोणाचा? टाकी कोणाची? रस्त्यावरचे अकरा खांब, गटार, फाटक कोणाचं? ते सगळ्यांचं. म्हणून दर घराने वर्षातून एकदा ठरलेली रक्कम द्यायची. त्या पैशातून पंपाचं वीजबिल, खांबांवरचे बल्ब, गटाराचा उपसा, टाकीची धुलाई आणि हे सगळं करणाऱ्या पुनाचा वर्षाचा पगार. जुने लोक या रकमेला वर्गणी म्हणत. नवे मेंटेनन्स म्हणत. पुना ‘मेंटनस’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

पुनाला इथे आणलं होतं सुकदेव नानांनी. सोसायटी उभी करणारे तेच, आणि अध्यक्षही तेच. पुना त्याआधी साक्रीकडे नानांच्या भावाच्या शेतावर सालदार होता. सालदार म्हणजे सबंध वर्षाच्या बोलीने शेतावर राबणारा गडी. त्याचं साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पाडव्याला सरायचं. त्या दिवशी मालकाने हातात नारळ ठेवला तर पुढचं साल त्याच घरी. नारळ मिळाला नाही, तर न विचारता आपलं बोचकं उचलायचं.

सोसायटीतही नानांनी तीच रीत चालू ठेवली. गुढ्या उभ्या राहिल्या की पुना पावतीपुस्तक घेऊन छत्तीस घरं फिरायचा, पैसे आणि पुस्तक नानांच्या पुढ्यात ठेवायचा. नाना त्याच्या हातावर नारळ ठेवत आणि विचारत, “काय पुना, पुढलं साल?” पुना नारळ कपाळाला लावायचा. झालं. अर्ज नाही, सही नाही. अठरा वर्षं असंच चाललं.

पण १९९८ च्या जानेवारीत नाना गेले. सोसायटीचे कागद एका ट्रंकेत बसून मोतीलाल बोरशांच्या घरी आले. मोतीलालराव, म्हणजे ज्योत्स्नाचे वडील, एका पतपेढीत हिशेबनीस होते. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. हिशेबात चार आणे कमी भरले तर त्यांना जेवण जात नसे. त्यांनी ट्रंक उघडली, नवं रजिस्टर आणलं, आणि सगळ्या देशाचं असतं तसं वर्ष आखलं. एक एप्रिल ते एकतीस मार्च.

तिथेच घोळ झाला.

“इकडे ये,” त्यांनी ज्योत्स्नाला हाक मारली. त्यांच्यासमोर दोन पावतीपुस्तकं होती. त्यांच्या आधीची वाळवीने खाल्ली होती. “तुझं गणित चांगलं आहे ना? वाच तारखा.”

“वीस मार्च शहाण्णव. आणि हे, आठ एप्रिल सत्त्याण्णव.”

“म्हणजे पहिलं पुस्तक ९५-९६ या वर्षाचं. दुसरं ९७-९८ चं. मधलं ९६-९७ चं कुठाय?”

ज्योत्स्नाने ट्रंकेत डोकावून पाहिलं. “नाहीये.”

“नाहीये! सगळ्या वर्षात एक पावती नाही. आणि मी दहा घरी विचारलं. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही दर साल भरतो, कधी चुकवलं नाही. मग ते पैसे गेले कुठे?” त्यांनी आवाज खाली आणला. “बरं, आता परत सांगत फिरतोय, पाडवा येतोय, पैसे तयार ठेवा. अठ्ठावीस मार्चला पाडवा. मागचे पैसे घेतले एप्रिलमध्ये. म्हणजे एकाच वर्षात दोनदा! एक वर्ष गिळलं आणि दुसऱ्या वर्षात डबल.”

“पुनाबाबांनी?” ज्योत्स्ना म्हणाली.

“बोलू नकोस कोणाशी. तू फक्त बघ. रोज सकाळी काय करतो, कोणाकडे जातो, पिशवीत काय नेतो. सगळं लिही. वेळ घालून.”

खरं सांगायचं तर ज्योत्स्नाला हे काम आवडलं. तिने एक नवी कोरी वही घेतली. तिला आदल्या जूनमध्येच, सगळ्या वह्यांबरोबर, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं होतं, आकडे बाहेर आणि देवाचं चित्र आत. आणि एकदा संशयाने बघायला लागलं की किती काय काय दिसतं! पुना पिशवी घेऊन खांबांखालून फिरतो, परत येताना पिशवीत काही तरी किणकिणतं. ‘काच? बाटल्या?’ टाकीवर चढतो आणि अर्धा तास उतरत नाही. ‘वर काय लपवलं आहे?’ दुपारी फाटकाच्या बिजागरीला तेल घालतो. ‘आवाज होऊ नये म्हणून?’

चौथ्या दिवशी पहाटे ती कण्हेरीमागे बसायला गेली, तर तिथे एक रिकामं पोतं चौघडी घालून ठेवलेलं होतं. कोरडं, झटकलेलं. जमिनीला दहिवर होतं, पोत्याला नव्हतं. ती त्यावर बसली आणि तिने लिहिलं, ‘पोतं. कोणी ठेवलं?’

पाडव्याच्या आधीच्या रविवारी टाकीजवळच्या लिंबाखाली मीटिंग भरली. घरोघरच्या खुर्च्या आल्या. नवे अध्यक्ष पितांबर आबा मधोमध बसले. आबा एसटीत कंट्रोलर होते. उभं आयुष्य त्यांनी ‘बघू, येईल गाडी’ असं म्हणण्यात घालवलं होतं. पुना खुर्च्यांच्या बाहेर, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

मोतीलालरावांनी रजिस्टर उघडलं. “पुना, वर्गणी कधी घेतोस तू?”

“पाडवाले.”

“कोणत्या पाडव्याला?”

“दर पाडवाले, भाऊ.”

दोघं-तिघं हसले. मोतीलालराव हसले नाहीत. “९६-९७ चं पावतीपुस्तक कुठे आहे?”

“मी बठ्ठा पुस्तकं नानाले दिधात.”

“नाना आता नाहीत.”

“हाऊ,” पुना म्हणाला. टोपी त्याने या हातातून त्या हातात घेतली. “नाना नहीत.”

“आणि आता बारा महिनेही झाले नाहीत तर परत मागतोस?”

“पाडवा ते पाडवा एक साल ऱ्हास, भाऊ. नाना तसंच लिखेत.”

“साल साल काय करतो? वर्षाचं बोल!”

तिसऱ्या ओळीतल्या प्रमिलाबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, “आबा, आमच्या ओळीला पाणी करंगळीएवढं येतं आणि पैसे मात्र दोनदा! कोणाकोणाला वॉल मोठा सोडतो ते विचारा ना याला.”

“तुमना ओळना पाइप जुना शे, अक्का. जास्ती सोडं तर फुटी जाई.”

“बघा, उत्तर तयारच!”

“उत्तराचं सोडा,” मोतीलालराव म्हणाले. “ज्योत्स्ना, वाच.”

ज्योत्स्ना उभी राहिली. वही उघडताना तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण हे मोठ्याने वाचायला लिहिलं नव्हतं. “रोज सकाळी... चौथ्या ओळीच्या पाइपवर तीन ठोके देतो. आजूबाजूला बघतो. मग पाणी सोडतो.”

“कोणाला खूण करतोस रे?” कोणी तरी मागून विचारलं.

पुनाने ज्योत्स्नाकडे पाहिलं. रागाने नाही. तिच्या वहीकडे, तिच्या चपलांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “पाणी उनं, हाई सांगस,” तो म्हणाला. म्हणजे, पाणी आलं, एवढंच सांगतो.

“कोणाला? पाइपाला?”

आता सगळेच हसले. हसणं थांबल्यावर त्याने आबांना विचारलं, “मंग पाडवाले फिरू का नको?”

आबांनी मोतीलालरावांकडे पाहिलं, मोतीलालरावांनी रजिस्टरकडे. “बघू,” आबा म्हणाले. “यंदा नको फिरूस. बघू काय ते.”

पुनाने मान हलवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

शनिवारी पाडवा आला. सुखनिवासात छत्तीस गुढ्या उभ्या राहिल्या. पहाटे पाणी नेहमीसारखंच सुटलं, थोडं जास्तच वेळ. त्यानंतर पुना आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसला. पावतीपुस्तक नव्हतं, चावी नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. ज्योत्स्ना साखरेचा हार आणायला दुकानात गेली तेव्हा तो तसाच बसलेला होता. ती परत आली तेव्हाही तसाच. मोतीलालराव दोनदा त्याच्यासमोरून गेले. आबाही गेले. “सण आहे, जेवून घे रे पुना,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

दुपारी आईने डबा दिला, “चौथ्या ओळीत सुंदरबाईंना पोळी देऊन ये.” सुंदरबाई चौथ्या ओळीतल्या शेवटच्या घरात एकट्या राहत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडली होती. उजेड तेवढा कळे, बाकी काही नाही.

“कोण? बोरशांची ना गं?” डबा चाचपून घेत त्या म्हणाल्या. “बस. पुना गेला का?”

“कुठे गेला?”

“मघाशी दारात येऊन रामराम करून गेला. उद्यापासून कोण ठोके देईल, ते काही बोलला नाही.”

ज्योत्स्ना दारातच थांबली. “कसले ठोके?”

“अगं, माझं घर शेवटचं. पाणी येतं ते पहिली दहा मिनिटं, मग वरची घरं ओढून घेतात. मला ना घड्याळ दिसत, ना नळाची धार. तो तिकडे पाइपवर ठोकतो, ते इकडे मोरीतल्या नळात वाजतं. टण्, टण्, टण्. की मी घागर लावते.” त्या हसल्या. “सगळ्यांना सांगत बसू नकोस हं. प्रमिला म्हणेल, म्हातारीला आधी देतो.”

ज्योत्स्ना धावत टाकीकडे गेली. पायरीवर कोणी नव्हतं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. जमीन झाडलेली, तांब्या उपडा घातलेला, आणि खिळ्याला लोखंडी चावी टांगलेली. कोपऱ्यात एक खोकं होतं. तिने ते ओढलं तर आत काही तरी किणकिणलं. गेलेले बल्ब. प्रत्येकावर खडूने खांबाचा नंबर आणि तारीख, आणि सगळे ओळीने लावलेले. जुना बल्ब दाखवल्याशिवाय नाना नवीन बल्बचे पैसे देत नसत, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. नाना गेल्यापासून जुना बल्ब पाहायला मागणारं कोणी नव्हतं. तरी जानेवारीनंतरचे चार बल्ब त्यात होते.

संध्याकाळी यावलच्या आत्याकडून आजी आली. भिकुबाई म्हणजे मोतीलालरावांची आई. पिशवीतून केळी काढता काढता तिने पहिला प्रश्न विचारला, “टाकीपान कोनी नही. पुना कोठे शे?”

मोतीलालरावांनी सगळं सांगितलं. रजिस्टर आणून दाखवलं. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिने रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. “हाई काय शे?”

“९६-९७. याच वर्षाची वर्गणी नाही.”

“मंग तठे पाडवाच नही उना व्हई.”

“माय, पाडवा दरवर्षी येतो.”

“दर साल येस. तुना कागदवर येवाले पाह्यजे असं कोठे शे?” आजी केळ्याचा घड तसाच हातात धरून बसली. “धोंड्याना महिना इसरना का रे? दोन आषाढ व्हतात. यावलना जावाई उनात, मी पुरणना धोंडा करात, तूच चार खादात.”

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, आणि त्या वर्षाचे महिने बाराऐवजी तेरा होतात. जावई बोलवायचे, धोंडे खाऊ घालायचे.

ज्योत्स्ना आपल्या पाळतीच्या वहीकडे पाहत होती. वही टेबलावर पालथी पडली होती आणि तिच्या कव्हरवर जून १९९६ होता. सतरा तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं, अधिक आषाढ मासारंभ. नऊ महिने ते कव्हर तिच्याजवळ होतं. पहाटे अंधारात तिने त्याच्यावरच अंगठा ठेवून लिहिलं होतं.

तिने दप्तर उलटं केलं. इतिहासाच्या पुस्तकावर मार्च १९९६ निघाला. वीस तारखेवर छोटीशी गुढी. १९९७ चं कॅलेंडर अजून खिळ्यावरच, नव्याच्या मागे लटकत होतं. त्यातला एप्रिल काढला. आठ तारखेवर गुढी. आणि भिंतीवर आजचा दिवस होताच. तिने जमिनीवर पानं मांडली आणि दिवस मोजायला बसली. एकदा मोजले, खोडले, पुन्हा मोजले.

“पप्पा,” ती म्हणाली, “वीस मार्चचा पाडवा वर्ष संपायच्या आधी आला. पुढचा आठ एप्रिलला, वर्ष संपल्यावर. म्हणजे मधल्या वर्षात पाडवा नव्हताच. पुस्तक हरवलं नाही. पाडवाच नाही, तर पुस्तक कुठून असेल?”

मोतीलालरावांनी ती पानं जवळ ओढली.

“आणि हे बघा. शहाण्णवच्या पाडव्यापासून सत्त्याण्णवच्या पाडव्यापर्यंत तीनशे चौऱ्याऐंशी दिवस. वर्गणी एकच. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. मग सत्त्याण्णवच्या पाडव्यापासून आजपर्यंत तीनशे चोपन्न. तेवढंच आपण धरून बसलो. दोन्हीची बेरीज करून दोन वर्षं वजा केली तर...” तिने पेन्सिल उचलली. “पुनाबाबांचे आठ दिवस आपल्याकडेच निघतात.”

मोतीलालरावांनी खिशातलं पेन काढलं, तिच्या आकड्यांवरून एकदा खाली आणि एकदा वर फिरवलं. चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी पेन परत खिशाला लावलं.

“तुना बाप सालदार व्हता,” आजी म्हणाली. मोतीलालरावांनी दाराकडे पाहिलं. ही गोष्ट या घरात फारशी निघत नसे. “धोंड्याना सालले तेरा महिना राबे, आनि दाणा देत बारा महिनाना. तेरावा महिनाले आपला घरमा काय ऱ्हाये, याद शे का?”

“कण्या,” मोतीलालराव हळूच म्हणाले.

“पोटभर?”

त्यांनी मान हलवली. पोटभर नाही. मग त्यांनी चष्मा काढला, आणि कित्येक वर्षांत ज्योत्स्नाने त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या बोलीत ते म्हणाले, “माय, मी इसरनू.”

“मंग माले काय सांगी राह्यना? मी का पुना शे?” आजीने गुढीपुढे ठेवलेला नारळ उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. “पाडवा सरना. उशीर व्हयना. घेस का नही घेस, ते त्यानं त्याले माहीत. तू नारळ देवाले तर जाय.”

दुसऱ्या दिवशी साक्रीकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीने मोतीलालराव गेले. पिशवीत नारळ होता. नवं रजिस्टर त्यांनी नेलं नाही.

आणि सुखनिवासात सव्वापाच वाजले तरी पाणी आलं नव्हतं. बादल्या, घागरी घेऊन बायका ओट्यांवर आल्या. पितांबर आबा बॅटरी घेऊन पंपाच्या खोलीत शिरले. त्यांनी हिरवं बटण दाबलं. पंप घरघरला, घरघरला, पण टाकीत पाण्याचा आवाज येईना.

“जळला वाटतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “जाता जाता काही करून गेला असेल.”

“बघू, थांबा,” आबा म्हणाले. पण काय बघायचं ते त्यांना माहीत नव्हतं. छत्तीस घरांत कोणालाच माहीत नव्हतं. अठरा वर्षं पाणी येत होतं. ते कसं येतं हे बघायला कोणी कधी उठलं नव्हतं.

एक जण सोडून.

“आबा, पंप बंद करा,” मागून ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या हातात वही होती. तिने आबांची बॅटरी पानावर धरली आणि वाचलं, “तांब्यातलं पाणी पंपात ओतलं.” तिने तांब्या भरून आणला, जिथे पुना ओतायचा तिथे ओतला, आणि आबांना म्हणाली, “आता दाबा.” पंपाचा आवाज बदलला. वर टाकीत धार पडली.

मग तिने खिळ्यावरची चावी काढली. ती तिला वाटली होती त्याहून जड होती. आबा म्हणाले, “दे इकडे, तुला नाही जमायचं.” तिने दिली नाही. पहिल्या ओळीला साडेतीन फेरे. दुसऱ्या ओळीला तीन.

तिसऱ्या ओळीपाशी प्रमिलाबाई येऊन उभ्या राहिल्या. “जरा जास्त फिरव गं, आता कोण आहे बघायला!”

“दीडच,” ज्योत्स्ना म्हणाली. “तुमच्या ओळीचा पाइप जुना आहे, काकू.” आणि तिने दीडच फिरवला.

ती चौथ्या ओळीपाशी आली. बॅटरीच्या उजेडात तिने पान पाहिलं. तिचंच अक्षर होतं, ‘तीन ठोके. खूण? कोणाला?’ आणि खाली त्या दोन रेघा. तिने पेन्सिल काढली, शेवटचे दोन शब्द खोडले आणि त्यांच्या जागी लिहिलं, ‘सुंदरबाई, शेवटचं घर’. वही मिटून फ्रॉकच्या पट्ट्यात खोचली आणि चावी उचलून पाइपवर मारली.

पहिला ठोका फार हलका पडला. एवढासा आवाज शेवटच्या घरापर्यंत पोचला नसता. ती थांबली. तिने चावी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि पुन्हा पहिल्यापासून तीन ठोके दिले.